नांगराची साखळी

हे रेल्वेतून निवृत्त झाले त्या संध्याकाळी मी सुतळीचा मोठा गुंडा उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला. टेबलावर शाल, नारळ, हार सगळं पडलं होतं, पण मला खरा आनंद झाला तो ती सुतळी टाकल्याचा. लग्नापासून ती माझ्या मागे लागली होती. वलसाड, उधना, नंदुरबार, मध्ये एक असं स्टेशन की जिथे प्लॅटफॉर्मवर माणसांपेक्षा बकऱ्या जास्त, आणि शेवटी डहाणू. दर बदलीला क्वार्टर रिकामं करायचं, गाद्यांच्या वळकट्या बांधायच्या, कपाटाच्या दारांना दोरी, बरण्यांना वर्तमानपत्र, मिक्सरला माझी जुनी साडी. नव्या क्वार्टरात आधीच्या बाईने भिंतीला ठोकलेला खिळा असायचा, त्यावर आपलं कॅलेंडर लावायचं की झालं घर. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाला मिक्सर गुंडाळावा लागत नाही.

आता झरीला, ह्यांच्या गावी, सासऱ्यांनी ठेवलेल्या जमिनीच्या तुकड्यावर दोन खोल्या बांधायच्या, आणि तिथून मी पुन्हा हलणार नाही, असं मी ह्यांना स्वच्छ सांगितलं होतं. ह्यांनी शब्द दिला होता. "हे शेवटचं," म्हणाले. मी थकले होते हो. गुडघे, कंबर हे तर होतंच, पण त्याहून जास्त मी सामान बांधून थकले होते.

अडचण एवढीच की क्वार्टर सोडायची वेळ आली तरी झरीच्या जागेवर पायाची रेघसुद्धा मारलेली नव्हती. डहाणूत भाड्याने खोली घ्यायची तर दोनदा बांधाबांध, एकदा इथून तिथे आणि पुन्हा तिथून झरीला. मी नाही म्हटलं. तर ह्यांनी तोडगा काढला, आणि तो तोडगा एका रविवारी ट्रकच्या मागे बांधून क्वार्टरांमागच्या मोकळ्या जागेत आणून उभा केला.

राज्याच्या सीमेपलीकडे उंबरगावच्या बाजूला मालिकांची शूटिंगं चालतात. तिथून ह्यांनी नट्यांच्या मेकअपसाठी वापरलेला एक जुना ट्रेलर मिळवला होता. पत्र्याची लांबलचक खोली, खाली चार चाकं, पुढे एक जाड लोखंडी दांडा. आत पलंग, एवढंसं बेसिन, उभं राहून आंघोळ करता येईल अशी मोरी, आणि भिंतभर आरसा, त्याच्या कडेने बल्बच बल्ब. आयुष्यभर मी हातातल्या आरशात बघून कुंकू लावलं, आणि साठीजवळ आल्यावर मला हा आरसा मिळाला. ट्रेलरला स्वतःचं इंजिन नव्हतं, कोणीतरी ओढल्याशिवाय तो जागचा हलत नसे. अशी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण त्यांना कोणी हौसेने घरी आणत नाही.

"घर होईपर्यंत ह्यात राहू," हे म्हणाले. "सामान एकदाच भरायचं."

एकदाच, ह्या शब्दाला मी भुलले. बाजारातून सुतळीचा नवा गुंडा आणला.

ज्या ट्रकने तो ट्रेलर आला होता तो निघून गेला. आता झरीपर्यंत त्याला ओढायचं कशाने आणि जोडायचं कसं, हा प्रश्न उरला. हा प्रश्न ह्यांच्यासाठी म्हणजे मांजरापुढे दूध. ह्यांची सगळी नोकरी शंटिंगमध्ये गेली. डब्याला डबा जोडायचा, सोडवायचा, बाजूच्या रुळावर नेऊन उभा करायचा. दोन डब्यांमधल्या कपलिंगचा स्क्रू असा घट्ट आवळायचा की गाडी सुटताना धक्का लागू नये. "मी जोडलेल्या गाडीत कोणाच्या कपातला चहा हिंदकळला नाही," असं हे लग्नात, बारशात, एकदा तर तेराव्यालासुद्धा सांगून आले आहेत.

त्या दिवसांत घरात दुसरा विषय नव्हता. हे मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ बघत बसत. गोरी माणसं अशीच घरं मोटारींना जोडून फिरत असतात. गोल लोखंडी बॉल, त्यावर बसणारी वाटी, वजन पुढच्या-मागच्या चाकांवर सारखं वाटणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या. व्हिडिओतल्या बायका त्या हुकापाशी उभ्या राहून हसत असतात. त्यांचं सामान कोण बांधतं, ते काही दाखवत नाहीत.

पहिला बेत पिकअपचा झाला. ओळखीच्या एकाची पिकअप होती, तलासरीला हायवेच्या नाक्यावर एक वेल्डर होता. तो मागच्या बंपरलाच बॉल वेल्ड करायला निघाला. "काका, एकदम फस्क्लास बसेल, टेन्शन नको लेव," तो म्हणाला. ह्यांनी त्याचा हात धरला. बंपर हा धक्का खायला असतो, ओढायला नाही, ओढायचं ते चॅसीने. ते अगदी बरोबर होतं, हे मला मान्य आहे. मग चॅसीला आडवी लोखंडी चौकट बसवून त्यावर बॉल लावला. क्वार्टरामागे पिकअप आणली, ट्रेलरचा दांडा बॉलवर टेकवला, तशी पिकअपची मागची बाजू खाली बसली आणि तोंड वर होऊन ती आभाळाकडे बघायला लागली. पुढची चाकं नुसती जमिनीला टेकलेली. "अशाने स्टेअरिंग फिरेल पण गाडी वळणार नाही," हे म्हणाले, आणि पिकअपला परत पाठवून दिलं. ओढणारा ओढल्या जाणाऱ्यापेक्षा हलका असून चालत नाही. संसारात चालतं, पण रस्त्यावर नाही.

मधल्या काळात मी ट्रेलर भरला होता. खोलीप्रमाणे भरला होता, स्वयंपाकाचं मागे, कपडे पुढे, म्हणजे सापडायला सोपं. ह्यांनी येऊन पाहिलं आणि डोक्याला हात लावला. जड सामान मागे गेलं तर ट्रेलरची शेपूट रस्त्यावर डावी-उजवी झुलते आणि पुढच्या गाडीलाही घेऊन पडते. वजन चाकांच्या वर आणि थोडंसं पुढे हवं. म्हणजे घरघंटी पुढे, कपाट पुढे, पुस्तकांच्या आणि भांड्यांच्या पेट्या पुढे, गाद्या मागे. सामान एकदाच भरायचं होतं ना! मी सगळं उतरवलं आणि पुन्हा भरलं. मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली, "आई, कॅराव्हॅन! किती मस्त!" मी तिला म्हटलं, ये आणि घरघंटी उचल.

शेवटी ट्रॅक्टर ठरला. झरीच्याच एका शेतकऱ्याचा होता, ह्यांच्या चुलत्यांच्या शेजारचा, आम्हाला काका-काकू म्हणणारा. ट्रॅक्टर जड, दमदार, आणि मागे जाड लोखंडी जबडा. त्या जबड्यात ट्रेलरच्या दांड्याची कडी घालायची आणि वरून बोटाएवढी जाड पिन टाकायची. आपल्याकडे भाताची, विटांची, वऱ्हाडाची ट्रॉली अशीच जोडतात. ते पाहून ह्यांचा चेहरा पडला. कडी त्या जबड्यात चांगली सैल बसत होती, हलवली की खडखड वाजत होती.

"ही काय जोडणी आहे?" हे मला म्हणाले, जणू मीच ती केली होती. "सुटताना धक्का, थांबताना धक्का. तुझ्या बरण्यांचा चुरा होईल."

बरण्यांचं नाव काढलं की मी गप्प बसेन, हे त्यांना माहीत आहे. हे त्या नाक्यावरच्या वेल्डरला घेऊन आले. कडीच्या वर-खाली, आजूबाजूला लोखंडी चकत्या आणि पाचरी ठोकून त्यांनी सगळी फट बुजवून टाकली. काम झालं तेव्हा कडी जबड्यात अशी बसली होती की कागद आत जाऊ नये. ट्रॅक्टरवाल्याने ती हलवून पाहिली, हलली नाही. "काका, आमची ट्रॉली तं ढिलीच ऱ्हाते," तो म्हणाला. "म्हणून तर वाजत जाते," हे म्हणाले, आणि तो हसला.

त्या संध्याकाळी हे हात धुता धुता खुशीत म्हणाले, "आता अशी कपलिंग झाली आहे ना, की कुठेही न्यावं. पावसाळा झाला की नर्मदेकाठी जाऊ. जव्हारला. कुठेही."

मी पोळ्या लाटत होते, तव्यावरची पोळी करपली. शेवटचं, असा शब्द दिलेला माणूस कुठेही म्हणत होता, तेसुद्धा इतक्या आनंदाने. एवढे दिवस हुकाची, बॉलची, पिनेची जी काळजी चालली होती ती मला झरीला सुखरूप पोचवायची आहे असं मी समजत होते. मी पुढची पोळी लाटायला घेतली. भांडायलाही अंगात जोर लागतो.

पण साखळीवरून मात्र मी भांडले. इतक्या वर्षांत मी कुठलंही गाठोडं एका गाठीवर सोडलेलं नाही. पहिली गाठ सुटली तर दुसरी असावी म्हणून प्रत्येक वळकटीला मी वरून आणखी एक दोरी टाकते, तीही फुली मारून, म्हणजे गादी कुठल्या बाजूने निसटत नाही. मी म्हटलं, त्या दांड्याला आणि ट्रॅक्टरला एक साखळीही बांधा. ह्यांना ते लागलं.

"साखळी उभ्या गाडीला," हे म्हणाले. "चालत्या गाडीला कपलिंग."

हे मला ठाऊक होतं. लग्नानंतर ह्यांनी मला रेल्वेचं पहिलं ज्ञान दिलं ते हेच. बाजूच्या रुळावर उभा करून ठेवलेला डबा वाऱ्याने, उताराने आपोआप घरंगळू नये म्हणून त्याच्या चाकातून साखळी ओवून ती रुळाला कुलूपबंद करतात आणि चावी स्टेशन मास्तरकडे जमा करतात. मास्तरने चावी दिल्याशिवाय तो डबा कोणी हलवू शकत नाही, साहेब आला तरी. नवी नवरी म्हणून मी तेव्हा डोळे मोठे करून ऐकलं होतं.

"तुमच्या कपलिंगवर माझा विश्वास आहे," मी म्हटलं. "माझ्या नशिबावर नाही. साखळी नसेल तर मी येत नाही."

साखळी मी स्वतः आणली. डहाणूच्या बाजारात झाई गावची एक कोळीण बसते, तिच्या सुनांचे ब्लाउज मी शिवत आले. तिच्या घरची बोट दुरुस्तीला किनाऱ्यावर ओढून ठेवली होती आणि नांगराची साखळी अंगणात पडून होती. कशाला हवी ते सांगितल्यावर ती पदर तोंडाला लावून हसली. "बाय, घराला नांगर टाकतेस का काय?" तिने मुलाकरवी साखळीचे दोन जाड तुकडे धाडले. त्यांना खारा वास होता आणि गंजाने माझा हात लाल झाला. ह्यांनी नाक मुरडत त्या साखळ्या बसवल्या, दांड्याखालून, मी सांगितल्याप्रमाणे फुली मारून, डावीकडची उजवीकडे आणि उजवीकडची डावीकडे.

निघालो ते सकाळचं कोवळं ऊन असताना. मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, गादीची उशी खाली घेऊन. हे मागून स्कूटरवर, ट्रेलरच्या शेपटीला चिकटून, कारण गाडीच्या मागे गार्ड हवाच. हँडलला लाल फडका बांधला होता. डहाणू सुटलं, चिकूच्या वाड्या गेल्या, नव्या रस्त्याच्या कामाचे डंपर धूळ उडवत शेजारून गेले. आणि खरं सांगते, गाडी लोण्यासारखी चालली होती. धक्का नाही, खडखड नाही. वळणावर मागे पाहिलं की हे स्कूटरवरून अंगठा दाखवत. मला वाटलं, उगाच कटकट केली. मला डुलकीसुद्धा लागली.

झरीला आमच्या जागेच्या थोडं अलीकडे एक ओहोळ आहे. त्यावरची मोरी, म्हणजे छोटासा पूल, रस्त्यापेक्षा उंच बांधली आहे, त्यामुळे एकदम चढ आणि एकदम उतार. ट्रॅक्टरने गिअर बदलला आणि तो चढायला लागला. त्याचं तोंड वर झालं, पण ट्रेलर अजून सपाटीवर होता. मी मागे बघत होते. एकाने वर जायचं आणि दुसऱ्याने आडवं राहायचं, तर मधल्या जोडाने वाकायला हवं. ह्यांनी तर त्या जोडाला वाकायला जागाच ठेवली नव्हती. रूळ असे कधी अचानक वर जात नाहीत, म्हणून ह्यांच्या हाताला ते माहीतच नव्हतं.

लोखंड कण्हल्यासारखा आवाज झाला. दांडा वर उचलला जायला लागला, आणि मग फाटकन कडी दांड्यापासून तुटली. पुढची चाकं नुकती चढाला लागलेला ट्रेलर मागे सरकला. त्याच्या मागे हे होते, लाल फडका लावून.

मी ओरडले का, ते मला आठवत नाही. ट्रॅक्टरवाला म्हणतो की ओरडलात. मला आठवतं ते एवढंच की त्या दोन साखळ्या ताठ झाल्या, ट्रॅक्टरला मागे हिसका बसला, मी मडगार्ड घट्ट धरला, आणि दांडा खाली रस्त्यावर आदळायच्या ऐवजी साखळ्यांच्या फुलीत पडला आणि तिथेच राहिला, झोळीत मूल राहावं तसा. ट्रेलर थांबला. आतून बरण्या फुटल्याचा आवाज आला. ट्रॅक्टरवाला ब्रेकवर उभाच राहिला होता आणि "दगड लावा, दगड लावा" असं ओरडत होता.

मी उतरून मागे धावले, माझ्या ह्या गुडघ्यांनी. स्कूटर ओहोळाच्या कडेला आडवी पडली होती आणि हे मागच्या चाकाखाली दगड सरकवत होते. मला बघून म्हणाले, "तुला लागलं नाही ना?" मला इतका राग आला की मी त्यांच्या दंडावर चापट मारली, सगळ्या रस्त्यासमोर. मग तोच दंड धरून उभी राहिले. सोडवेना.

पाड्यावरची माणसं धावून आली. त्यांनी मागून आधार दिला, चार-पाच जण दगड घेऊन चाकांबरोबर चालले, आणि त्या साखळ्यांवरच ट्रेलर मोरी ओलांडून आमच्या जागेत आला. जागेत एक जुनी जांभूळ आहे, तिच्या सावलीत तो उभा केला. लोक पाणी पिऊन गेले. हे तुटलेली कडी हातात घेऊन एका दगडावर बसले होते. कडीवर ठोकलेल्या पाचरी अजून तशाच घट्ट होत्या, एकसुद्धा हलली नव्हती.

ट्रॅक्टरवाल्याला त्यांची कीव आली असावी. "काका, कायपण नाय झालेलं," तो म्हणाला. "उद्या नाक्यावर नेतो, नवी कडी मारू, जरा ढिली ठेवू. मग कुठंपण न्या घर."

पुन्हा तेच, कुठंपण. मी दाराच्या पायरीवर बसले होते, मांडीवर फुटलेल्या बरणीचं झाकण. लोणच्याचा वास सगळ्या ट्रेलरभर झाला होता. माझ्यातलं होतं नव्हतं ते बळ संपलं होतं, म्हणून असेल, पण आवाज चढवायची गरज लागली नाही.

"मी दमले आहे," मी म्हटलं. "आज तुम्ही त्याच्याखाली गेला असतात. नर्मदेला जायचं तर बसने जाऊ, दोन पिशव्या घेऊन. पण हे घर पुन्हा जोडायचं असेल तर मला आत्ता सांगा. मी सामान उतरवतच नाही."

ट्रॅक्टरवाला उगाच टायरकडे बघत राहिला. मग हे उठले, आत गेले, पेट्यांमधून उचकापाचक करत बराच वेळ काहीतरी शोधलं. बाहेर आले ते ट्रंकेचं पितळी कुलूप घेऊन. ट्रॅक्टरपासून नांगराच्या साखळ्या सोडवल्या, दोन्ही तुकडे एकमेकांत अडकवले. खाली बसायला त्यांनाही आता त्रास होतो, हात टेकून टेकून बसले. साखळी ट्रेलरच्या चाकातून ओवली, जांभळीच्या बुंध्याभोवती फिरवली, ओढून पाहिली, आणि कुलूप लावलं. चाकांच्या दोन्ही बाजूंना दगड ठोकले. नोकरीत रोज करत असतील तसंच, कोणाकडे न बघता.

मग माझ्यासमोर येऊन त्यांनी हात पुढे केला. हाताला गंज लागला होता आणि त्यावर चावी होती.

"उभ्या गाडीची चावी मास्तरकडे असते," हे म्हणाले. "घे."

मी घेतली. "आणि मास्तरने दिलीच नाही तर?"

"तर गाडी जागच्या जागी," हे म्हणाले, आणि ती तुटलेली कडी उचलून ट्रॅक्टरवाल्याच्या भंगाराच्या गोणीत टाकून आले.